तीन मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांचं का होतं? सिंथ-पॉपच्या 'एक्स्टेंडेड मिक्स'ची गोष्ट

नवरात्रात रात्री नऊच्या सुमारास चारकोपच्या कुठल्याही सेक्टरमध्ये शिरा. सोसायटीच्या मधल्या चौकात गरबा रंगलेला असतो. ओळखीचं गाणं लागतं, ध्रुवपद होतं, एक कडवं होतं आणि मग गायिका गप्प होते. मागे उरतो नुसता ताल आणि कीबोर्डवर फिरत राहिलेली एक छोटीशी धून. दोन मिनिटं जातात, चार जातात, पण फेर सोडून कोणी बाहेर पडत नाही. उलट याच वेळी फेर जास्त घट्ट होतो. मग ध्रुवपद परत येतं आणि सगळा चौक एकदम ओरडतो.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं मोबाईलवर ऐकलं की चार मिनिटांत संपतं आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

राहून गेलेला असतो तो मधला भाग. गाणं चालू असतं, पण त्यात 'गाणं' नसतं. पाश्चात्त्य पॉप संगीतात या मधल्या भागाला जवळपास स्वतंत्र कलाप्रकाराचा दर्जा मिळाला. त्याचं नाव 'एक्स्टेंडेड मिक्स' किंवा 'ट्वेल्व्ह इंच मिक्स'. १९८० च्या दशकातल्या सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभ्या असलेल्या पॉप संगीतात, तो सगळ्यात जास्त बहरला. आजही त्या काळातल्या बँडचे चाहते मूळ गाण्यापेक्षा त्याची सात-आठ मिनिटांची आवृत्ती शोधत फिरतात.

का? गाणं आवडलं म्हणून ते जास्त वेळ ऐकायचं, असं सोपं उत्तर देता येईल. पण ते पुरेसं नाही.

बारा इंचांची गरज का पडली?

आधी तबकडीचं गणित. रेडिओसाठी आणि घरगुती ग्राहकांसाठी पॉप गाणं सात इंची तबकडीवर यायचं. ती मिनिटाला ४५ फेरे घ्यायची आणि एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटं मावायची. तबकडीवरची खाच ही आवाजाच्या लाटेची नक्कल असते. आवाज जितका मोठा आणि बेस जितका खोल, तितकी खाच रुंद वळणं घेते आणि तितकी जास्त जागा खाते. म्हणजे सात इंचांत दणदणीत बेस हवा असेल तर वेळ कमी करायचा आणि वेळ वाढवायचा असेल तर आवाज बारीक करायचा.

न्यूयॉर्कच्या टॉम मोल्टन यांना १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक साधी गोष्ट दिसली. गाणं संपलं आणि दुसरं लागलं की नाचणारे लोक फ्लोअर सोडून जातात. त्यांनी गाणी एकमेकांत गुंफून, लांबवून टेप तयार करायला सुरुवात केली. ग्लोरिया गेनर यांच्या १९७५ च्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या अल्बमची अख्खी पहिली बाजू त्यांनी न थांबणाऱ्या तीन गाण्यांची केली. बारा इंची सिंगलचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं आणि त्यामागे चक्क सामानाचा तुटवडा होता. चाचणीसाठी सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर गाणं कोरलं गेलं. खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि आवाज असा काही उठला की परत लहान तबकडीकडे जावंसं वाटेना.

१९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं 'टेन पर्सेंट' बारा इंची तबकडीवर थेट दुकानात आणलं. त्याआधी असल्या तबकड्या फक्त डीजे मंडळींना वाटल्या जायच्या. डीजे वॉल्टर गिबन्स यांनी तीन मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांहून लांब केलं होतं. नवं काही रेकॉर्ड केलं नव्हतं. टेपवर होतं तेच उलगडून, सुटं करून, पुन्हा मांडलं होतं.

मग सिंथ-पॉपच का?

डिस्कोमध्ये खरे ड्रमर, खरी व्हायोलिनं होती. माणूस वाजवतो तेव्हा ठेका केसभर पुढेमागे होतो. अशी टेप कापून जोडायला गेलं की सांधा ऐकू येतो. सिंथ-पॉपमध्ये ठेका ड्रम मशीनचा आणि बेसची धून सिक्वेन्सरची. सिक्वेन्सर म्हणजे ठरवून दिलेले स्वर ठरल्या वेळी न थकता वाजवत राहणारं यंत्र. पहिल्या मिनिटाचा ताल आणि सातव्या मिनिटाचा ताल तंतोतंत एकच. त्यामुळे कुठेही कापा, कुठेही जोडा.

शिवाय प्रत्येक वाद्य टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर असायचं. रिमिक्स करणारा मिक्सरसमोर बसून गायकाचा आवाज बंद करू शकायचा, फक्त बेस ठेवू शकायचा, टाळीच्या आवाजावर प्रतिध्वनी चढवू शकायचा.

आपल्याकडे हे समजून घ्यायला उत्तम उदाहरण आहे ते लेहऱ्याचं. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच ओळ पाऊण तास फिरत राहते. कोणी तक्रार करत नाही, कारण ती ओळ ऐकण्यासाठी नसतेच. तिच्यामुळे समेची जागा पक्की राहते आणि तबलजी कुठे गेला, कसा परत आला हे कळतं. सिक्वेन्सरची धून हेच काम करते. ती हलत नाही म्हणून बाकीचं हललेलं जाणवतं.

भजनातल्या गजराशी तुलना करायचा मोह होतो, पण ती फसवी आहे. गजर चढतो तो लय वाढवून. एक्स्टेंडेड मिक्समध्ये लय अजिबात वाढत नाही. चढ-उतार सगळा थरांचा असतो. एक थर आला, दोन गेले, चार एकदम आले.

या शैलीचा कस दाखवणारा अल्बम म्हणजे 'लव्ह अँड डान्सिंग'. द ह्यूमन लीग या ब्रिटिश गटाचा 'डेअर' १९८१ मध्ये गाजला. पुढच्याच वर्षी त्यांचे निर्माते मार्टिन रशेंट यांनी त्यातल्या गाण्यांची मुख्यतः वाद्यसंगीताची आवृत्ती बाजारात आणली. संगणकावर एका क्लिकमध्ये तुकडे करण्याची सोय नव्हती. टेप ब्लेडने कापायची, चिकटपट्टीने जोडायची, ऐकायची, चुकलं तर परत कापायची. आज फोनवरच्या ॲपमध्ये शाळकरी मुलं जो 'स्टटर' इफेक्ट सहज टाकतात, तो रशेंट यांनी टेपचे बारीक बारीक तुकडे एकामागून एक चिकटवून मिळवला.

नेमकं ऐकायचं काय?

न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या गटाचं 'ब्लू मंडे' घ्या. मार्च १९८३ मध्ये ते आलं तेच थेट बारा इंची तबकडीवर. लांबी सुमारे साडेसात मिनिटं. जगात सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. (कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं होतं. फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी संगणकातलं 'सेव्ह'चं चिन्ह आठवावं.)

सुरुवातीला फक्त ड्रम मशीनचा ठोका. मग त्यावर एक धून, मग बेस, मग एक लांबट, चर्चमधल्या समूहगानासारखा सूर. गायक कुठेच नाही. तो येतो दोन मिनिटं उलटून गेल्यावर. रेडिओवरचं एखादं गाणं एवढ्यात अर्ध्याहून जास्त संपलेलं असतं. आणि गायक आल्यावरही तो गाण्याचा मालक वाटत नाही. चालू असलेल्या कारखान्यात कोणीतरी शिरून बोलावं तसा वाटतो.

सर्वसाधारण एक्स्टेंडेड मिक्सचा साचा असाच असतो. सुरुवातीला नुसता ताल, कारण डीजेला आधीचं गाणं त्यावर मिसळायचं असतं. मिनिटाला १२० ठोके धरले तर चार ठोक्यांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं. अशी ३२ आवर्तनं म्हणजे एक मिनिट चार सेकंद. तेवढ्या वेळात डीजे दोन्ही तबकड्यांची लय जुळवतो. मग गाणं. मग 'ब्रेकडाउन', म्हणजे बेस आणि ड्रम काढून घेतलेला भाग. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं ते इथे. मग सगळं परत. शेवटी पुन्हा नुसता ताल, पुढच्या गाण्यासाठी.

सगळी गंमत 'ब्रेकडाउन'मध्ये आहे. ठोका जातो, पण तुमचं शरीर तो मोजतच राहतं. तो परत येणार हे माहीत असतं, कधी ते माहीत नसतं. मैफलीत गवई समेच्या अलीकडे रेंगाळतो तेव्हा श्रोत्यांच्या माना आधीच हलायच्या तयारीत असतात, तसंच. तीन मिनिटांच्या गाण्यात ही वाट बघायला जागाच नसते. ध्रुवपद दर चाळीस सेकंदांनी हजर. लांब मिक्स ते हातचं राखून ठेवतो. म्हणून एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे वाढवलेलं गाणं म्हणण्यापेक्षा, मधून मधून काढून घेतलेलं गाणं म्हणणं जास्त बरोबर.

अर्थात सगळेच लांब मिक्स चांगले नसतात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कंपन्यांनी प्रत्येक गाण्याची बारा इंची आवृत्ती काढायचा धडाका लावला. त्यातल्या कित्येकांत ड्रमचा तुकडा चार वेळा चिकटवण्यापलीकडे काही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ध्रुवपद परत येतं तेव्हा आनंद होतो की सुटका?

मुंबईत काय चाललं होतं?

चारकोप आज ज्या रूपात दिसतं ते याच दशकाचं अपत्य. कांदिवली पश्चिमेच्या या भागात जागतिक बँकेच्या साहाय्याने 'साइट अँड सर्व्हिसेस' योजना राबवली गेली. म्हाडाने रस्ते, पाणी, गटारं आणि लहान भूखंड दिले, घरं लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधली. भूखंडांचे गट करून सहकारी सोसायट्या झाल्या आणि घरांच्या मध्ये मोकळे चौक राहिले. मैफलीला सभागृह नव्हतं, क्लब तर नव्हताच. होता तो चौक.

क्लब होते दक्षिणेत. मरीन ड्राइव्हवरचं 'स्टुडिओ २९' किंवा ताजमधलं '१९००ज' ही नावं त्या पिढीला आठवतील. पण तिथे शिरणं ठरावीक लोकांनाच परवडायचं. बाकीच्या शहरापर्यंत सिंथेसायझर पोहोचला तो सिनेमातून आणि कॅसेटमधून. १९८० च्या 'कुर्बानी'मध्ये लंडनस्थित संगीतकार बिद्दू यांनी नाझिया हसन या किशोरवयीन मुलीकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. १९८१ मध्ये दोघांचा 'डिस्को दीवाने' आला, १९८२ मध्ये बप्पी लाहिरी यांचा 'डिस्को डान्सर'.

लांब, न थांबणाऱ्या नाचाचं संगीत मात्र वेगळ्याच वाटेने आलं. संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांचे धाकटे भाऊ बाबला यांच्या ऑर्केस्ट्राच्या 'डिस्को दांडिया' रेकॉर्ड्सनी गरब्याच्या पारंपरिक चाली ड्रम आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर चढवून एकामागून एक गुंफल्या. टॉम मोल्टन यांनी जे क्लबसाठी केलं, तेच काम हे संगीत मांडवासाठी करत होतं. कॅसेटच्या काळात 'नॉनस्टॉप' हा शब्द दुकानातल्या प्रत्येक दुसऱ्या वेष्टनावर दिसायला लागला तो याच गरजेतून.

आणि एक रेकॉर्ड अशी होती जिच्याकडे तेव्हा कोणी फारसं पाहिलं नाही. सिनेसंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून रोलंड कंपनीची तीन यंत्रं आणली होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन. १९८२ मध्ये त्यांनी त्यावर दहा राग वाजवले. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' असं साधंसुधं नाव. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा, खाली यंत्राचा अखंड ठेका, वर रागाची बढत. रेकॉर्ड चालली नाही.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या 'फ्युचर' या गटाने त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' केलं आणि 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जन्माला आला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगभरचे डीजे चक्रावले. मुंबईतल्या एका वादकाने हे आधीच करून ठेवलं होतं. उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन ती वाजवलीही. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांनी ॲसिड हाउसचा 'शोध लावला' असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, कारण शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही. पण सिक्वेन्सर म्हणजे लेहरा, हे ज्याला आधी उमगलं तो माणूस इथला होता.

आपल्याकडचा 'रिमिक्स' वेगळा का?

इथे एक घोळ सोडवायला हवा. मराठी-हिंदी बोलण्यात 'रिमिक्स' म्हटलं की २००२ चं 'काँटा लगा' आठवतं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातलं, संगीत आर. डी. बर्मन यांचं, आवाज लता मंगेशकर यांचा. नव्या आवृत्तीत आवाज नव्या गायिकेचा, वाद्यं नवी, व्हिडिओ नवा. मूळ टेपमधलं त्यात काही नव्हतं. शब्दशः पाहिलं तर हा रिमिक्स नव्हेच, हे पुनर्गायन.

असं का झालं? एक कारण तांत्रिक. त्या काळातली बहुतेक सिनेगीतं वादकांचा सगळा ताफा आणि गायक एकत्र बसवून रेकॉर्ड व्हायची. आवाज वेगळा, ढोलक वेगळी, व्हायोलिनं वेगळी असे सुटे ट्रॅक नसायचेच. जे सुटं नाही ते उलगडणार कसं?

दुसरं कारण कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या 'व्हर्जन रेकॉर्डिंग'च्या तरतुदीनुसार मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर दोन वर्षं उलटली की हक्कधारकाला सूचना देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं नव्याने गाऊन विकता यायचं. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर त्याच्या मालकाची परवानगी हवी. नव्याने गाणं सोपं होतं, म्हणून तेच झालं. संगीतकार आणि गायकांची नाराजी वाढत गेली, लता मंगेशकर यांनीही ती जाहीरपणे बोलून दाखवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि गाण्यात तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायला मनाई केली.

फरक फक्त शब्दांचा नाही. बारा इंची मिक्समध्ये मूळ गायक तोच राहतो, त्याचं नाव वर असतं आणि रिमिक्स करणारा त्याच्याच आवाजाभोवती नवं घर बांधतो. पुनर्गायनात मूळ गायिका आणि मूळ वादक कामातून बाहेरच पडतात. आता सॉफ्टवेअरच्या मदतीने जुन्या गाण्यातला आवाज वेगळा काढता येतो, त्यामुळे खरे एक्स्टेंडेड मिक्स आपल्याकडेही ढिगाने तयार होतात. ते बहुतेक परवानगीशिवायच फिरतात आणि कंपनीने हरकत घेतली की रातोरात गायब होतात.

बँजो पार्टीला हे आधीच माहीत होतं

यंत्राशिवाय एक्स्टेंडेड मिक्स ऐकायचा असेल तर हळदीला जा. मुंबईची बँजो पार्टी, म्हणजे विजेवर चालणारा बुलबुलतरंग, कीबोर्ड, ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, कोणतंही गाणं मूळ लांबीत वाजवत नाही. 'झिंगाट' घेतलं तर मुखडा तीनदा, मग बँजो थांबतो, फक्त ताल, कोणीतरी शिट्टी वाजवतो, नवरदेवाला खांद्यावर घेतलं जातं, आणि तो खांद्यावर नीट बसला की मुखडा परत. किती आवर्तनं थांबायचं हे समोरची गर्दी ठरवते. वॉल्टर गिबन्सना टेपवर हे अंदाजाने करावं लागायचं, बँजोवाल्याला डोळ्यांसमोर दिसतं.

मिरवणुकीतल्या डीजेकडेही ही नजर असते, पण त्याच्याकडे भिंतीएवढे स्पीकरही असतात आणि तिथून भांडण सुरू होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. २०१८ च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. ज्या चौकात समोरासमोरची घरं दहा-बारा पावलांवर आहेत, तिथे ब्रेकडाउननंतरचा बेस नाचणाऱ्याच्या छातीत बसतो तसा पहिल्या मजल्यावरच्या आजारी माणसाच्या खिडकीवरही बसतो. बारा इंची तबकडीचा जन्म खोल आणि मोठ्या आवाजासाठीच झाला, त्यामुळे ही कुरबुर या संगीताच्या मुळातच आहे. गिरण्यांच्या रिकाम्या गोदामात तो प्रश्न येत नाही, चारकोपच्या चौकात येतो.

त्यामुळे उपनगरातल्या लांब मिक्सची लांबी घड्याळ ठरवतं. पावणेदहाला डीजे शेवटचं गाणं लावतो. ब्रेकडाउन येतो, ध्रुवपद परत येतं, दोन मिनिटं अजून हवी असतात. दहाला मंडळाचा कार्यकर्ता हाताने खूण करतो आणि आवाज मधेच तुटतो. मिक्सच्या शेवटी पुढच्या डीजेसाठी ठेवलेला तो नुसत्या तालाचा एक मिनिट सहसा वाजतच नाही.